बरणी कोणी फोडली

आक्काची बरणी मी फोडली. हे चार शब्द तोंडातून काढायला मला सात महिने लागले, आणि त्यासाठी डोंबिवलीहून किहीम, मुरूड करत पार दिवेआगरपर्यंत जावं लागलं. त्या प्रवासाची ही हकीकत आहे. जे अजून त्या बाजूला गेले नाहीत त्यांना यात वाड्या, मासे, फेरीबोट सगळं भेटेल. पण माझं स्वतःचं लक्ष त्या दोन दिवसांत बहुतेक वेळ एका पुठ्ठ्याच्या खोक्याकडे होतं, हे आधीच सांगून टाकतो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. दिवेआगरला एकटी राहते. भावोजी जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. वीस सालच्या चक्रीवादळात तिच्या घराची कौलं उडाली, वाडीतल्या सुपारीच्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या आणि स्वयंपाकघराची भिंत आत कोसळली. त्या भिंतीखालून आमच्या आईची लोणच्याची बरणी निघाली, अख्खी. वरून तपकिरी, खालून पांढरी, दोन हातांच्या कवेत जेमतेम मावणारी जुनी चिनीमातीची बरणी. आतलं मीठसुद्धा कोरडं होतं म्हणे. म्हणे, कारण मी तिथे नव्हतो. मी फोनवर पुष्कळ हळहळलो आणि प्रत्यक्ष गेलो दिवाळीनंतर.

गेल्या उन्हाळ्यात तिने छप्पर पुन्हा नीट करायला काढलं, तेव्हा ती बरणी माझ्याकडे ठेवायला दिली. "तुझ्याकडे धक्का लागायचा नाही," म्हणाली. भाद्रपदात एका संध्याकाळी तिचा फोन आला. वाडीत पोफळीची नवी रोपं लावली, असं ती आनंदाने सांगत होती. मी कॉलेजातून वैतागून आलो होतो. म्हणालो, "कोणासाठी लावतेस गं? तुझ्यामागे आहे कोण?" तिने फोन ठेवला. मला स्वतःचाच राग आला, आणि तो मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर काढला. दार आपटलं, वरच्या फळीवरची बरणी हलली, आणि खाली आली.

वैशाली, माझी बायको, घरी आल्यावर तिने विचारलं, "कोणी फोडली?" आपल्याकडे काही फुटलं की 'काय फुटलं' यापेक्षा 'कोणी फोडलं' हा प्रश्न आधी येतो. मी म्हणालो, "संगीताकडून पडली असेल." संगीता नऊ वर्षं आमच्याकडे कामाला येते. दुसऱ्या दिवशी आक्कालाही मी तेच सांगितलं. आणि संगीता जेव्हा म्हणाली, "दादा, मी त्या फळीला हातच लावत नाही," तेव्हा मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "जाऊ दे संगीता. होतं असं. मी रागावलो नाहीये."

तिने न केलेली चूक मी तिला माफ केली. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

किहीम

फुटकं भांडं घरात ठेवू नये म्हणतात, पण तुकडे टाकायचा धीर मला झाला नाही. ते खोक्यात भरून माळ्यावर ठेवले होते. चैत्रात आक्काने सहज विचारलं, "तुकडे तरी आहेत का रे?" त्याच आठवड्यात मला फोनवर एक जाहिरात दिसली. किहीमला एका होमस्टेमध्ये शनिवारी किंत्सुगी शिकवणार होते. जपानात फुटलेलं भांडं लाखेने सांधतात आणि सांध्यावर सोन्याची पूड बसवतात, त्या कलेचं हे नाव. याबद्दल मी पूर्वी वाचलं होतं आणि भारावून गेलो होतो. आता मनात वेगळंच आलं. भेगांवर सोनं चढवून बरणी नेली, की आक्का सोन्याकडे बघेल आणि बाकीचं काही विचारणार नाही.

तेव्हा शनिवारी पहाटे गाडी काढली. पोयनाडच्या पुढे रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या होत्या. आक्कासाठी दोन घेतल्या. किहीममध्ये शिरल्यावर मात्र डोकं तापायला लागलं. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही मित्र इथे यायचो तेव्हा वाड्यांच्या कुंपणातून वाकून थेट वाळूत उतरता यायचं. आता दोन पुरुष उंचीच्या भिंती, त्यांवर काचा आणि प्रत्येक फाटकावर 'खाजगी रस्ता' अशी पाटी. समुद्र आहे हे वाऱ्यावरून ओळखायचं. नारळांच्या खोडांना दिव्यांच्या माळा इतक्या आवळून गुंडाळल्या होत्या की त्यांना श्वास कोंडल्यासारखं होत असेल.

होमस्टेच्या पडवीत आम्ही बाराजण बसलो. शिकवणारी रिया नावाची तिशीतली मुलगी मुंबईची होती, बोलायला गोड. तिने प्रत्येकापुढे एक पांढराशुभ्र वाडगा ठेवला. कोरा, नवा, अजून किमतीचं लेबल न निघालेला. शेजारी एक टॉवेल आणि एक छोटी हातोडी.

"आधी डोळे मिटा," रिया म्हणाली. "तुमच्या आत काय तुटलंय ते आठवा. मग वाडगा टॉवेलमध्ये गुंडाळा आणि मारा."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पण माझ्या शेजारच्या बाईंनी खरोखर डोळे मिटले आणि हातोडी हाणली. मग सगळीकडून खळ्ळ खळ्ळ आवाज यायला लागले. एकजण फोडताना स्वतःचा व्हिडिओ घेत होता, पहिला नीट आला नाही म्हणून त्याने दुसरा वाडगा मागून घेतला.

होमस्टेचा स्वयंपाक गावातल्या हिराबाई करत. त्या घावणे आणि ओल्या नारळाची चटणी घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या.

"आवो, नवी भांडी फोडतान?" त्यांनी मला विचारलं. बहुधा सगळ्यांत वयस्कर मीच दिसलो म्हणून.

"हो. फोडून परत चिकटवणार आहेत."

"मंग फोडतात कशाला?"

मी टॉवेल सरकवून ताटाला जागा केली. हिराबाई ताट ठेवता ठेवता पुटपुटल्या, "आमच्या हातून कप फुटला तर बोलनी खावी लागतात. हितं शिकवनी लावल्यात."

मी माझं खोकं उघडलं. अकरा मोठे तुकडे आणि मूठभर चुरा. रियाचे डोळे चमकले. "वॉव, काका! खरी फुटलेली! सगळ्यांनी बघा, ही खरी आहे!" सगळे माझ्याभोवती जमले. खरं फुटलेलं भांडं त्यांच्यात नवलाईचं ठरलं होतं.

त्यानंतर तिने चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकाने आपण कशाने तुटलो ते लिहायचं, वाटलं तर वाचून दाखवायचं, आणि शेवटी 'मी स्वतःला क्षमा करतो' असं लिहून चिठ्ठी वाडग्यात ठेवायची. लोकांनी वाचलं. कुणाला वडिलांनी समजून घेतलं नव्हतं, कुणाला साहेबाने छळलं होतं, कुणाचं लग्न मोडलं होतं. त्यांची दुःखं खोटी होती असं मी म्हणत नाही. शेजारच्या बाई खरंच रडल्या आणि मीच त्यांना पाणी दिलं. पण ऐकता ऐकता मी मोजत गेलो. बाराजण बसले होते आणि सगळे तुटलेले होते. फोडणारा एकही नव्हता. मग एवढी माणसं फोडली कोणी?

माझी पाळी आली. माझी चिठ्ठी कोरी होती. "पास," मी म्हणालो.

"काका, स्वतःला माफ करा. खूप हलकं वाटतं," रिया म्हणाली.

"माफ करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज नको तितका चढला.

पुढे प्रत्यक्ष काम सुरू झालं तेव्हा दोन ट्यूबा निघाल्या आणि एक डबी. ट्यूबांत मिसळून चिकटवायची एपॉक्सी, डबीत पितळेची पूड. मी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. पितळ मला लांबून कळतं. इथे माझा राहिलासाहिला संयम गेला.

"हे सोनं नाही आणि ही लाखही नाही," मी म्हणालो. "जपान्यांची लाख म्हणजे झाडाचा चीक. आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं झाड आहे ते, कच्चा चीक लागला तर अंगावर तसाच उततो. एकेक थर दमट पेटीत दिवसच्या दिवस वाळवायचा. मग घासायचा, मग पुन्हा थर. सगळ्यात शेवटी सोनं. महिनोन्‌महिने चालतं ते. आणि तुम्ही दोन तासांत उरकताय?"

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. "बरोबर आहे काका. मी शिकले तेव्हा एका कपाला पाच महिने घातले. हातावर फोड आले होते." तिने मनगटावरचे डाग दाखवले. "पण इथे येणाऱ्यांना संध्याकाळी वाडगा घरी न्यायचा असतो. पाच महिने कोण थांबणार? तुम्ही थांबाल?"

सात महिने मी थांबलोच होतो, काही न करता. मी मुकाट्याने ट्यूबा पिळल्या.

सांधायला चार तास लागले. रिया स्वतः शेजारी बसून एकेक तुकडा धरत होती, तिच्या हातात कसब होतं हे कबूल करतो. सांज होता होता बरणी उभी राहिली. तपकिरी अंगावर सोनेरी रेघा झाडाच्या फांद्यांसारख्या पसरल्या होत्या. सुंदर दिसत होती, आणि त्याचाही मला राग आला.

"यात लोणचं घालू नका हं," रिया म्हणाली. "हे फक्त ठेवायला."

मीठ, आंबट आणि पितळ एकत्र आलं की कसं कळकतं हे मी दर वर्षी पोरांना दाखवतो. तरी मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

निघताना हिराबाईंनी बरणीवरून बोट फिरवलं. "बेस झाली. पर फोडली कोनी?"

"घरी फुटली."

"आपोआप?"

"कामाच्या बाईकडून," मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

हिराबाईंचं बोट थांबलं. "आमच्याकडं बी तसंच," त्या म्हणाल्या. "काय फुटलं का आधी माज्याकडंच बघतात." आणि घावण्यांचं रिकामं ताट उचलून आत गेल्या.

मुरूड

रात्र किहीमलाच काढली. रविवारी सकाळी बरणी शेजारच्या सीटवर ठेवली, तिला पट्टा बांधला आणि दक्षिणेला निघालो. रेवदंड्याचा पूल ओलांडला की रस्ता समुद्राला चिकटून जातो. डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी. मन शांत व्हावं असाच रस्ता आहे. पण काशीदला वाळूवर चार चाकांच्या मोटारी घोंघावत होत्या. एक घोडा, बिचारा, त्या आवाजाने बिथरून एका जागी गोल गोल फिरत होता आणि त्याच्या पाठीवरची मुलगी रडत होती. घोडेवाल्याने तिच्या वडिलांना हात जोडले, तर ते म्हणाले, "आधी फोटो काढू दे." मी गाडी थांबवून त्या गृहस्थांशी भांडलो. ते मला म्हणाले, "तुम्हाला काय त्रास आहे?" प्रश्न बरोबर होता.

मुरूडला एका घरगुती खानावळीत जेवलो. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, आणि सोलकढी अशी की दुसरी वाटी मागताना लाज वाटली नाही. कुरकुरीत बोंबील ताटात पडला की आधी राग निवतो. पाऊण तास मी सगळं विसरलो, आणि त्या पाऊण तासात बंद गाडी चैत्राच्या उन्हात उभी होती.

परत येऊन दार उघडलं तर आतून भट्टीसारखी वाफ आली. बरणीच्या गळ्याजवळचा तुकडा बोटभर खाली घसरला होता. एपॉक्सी घट्ट धरली नव्हती. दोन ट्यूबांचं प्रमाण समसमान घ्यायचं, एवढी साधी गोष्ट. वीस वर्षं पोरांना मोजमाप शिकवणाऱ्या माणसाने ती रागाच्या भरात चुकवली होती. मी तुकडा वर दाबला. तो राहिना. हात काढला की पुन्हा घसरे. तळव्यांना, शर्टाला सगळीकडे सोनेरी चिकटा लागला. खानावळीच्या मालकाने दारातून हाक मारली, "काय वो, रंगकाम काढलंत?"

शेवटी बाजारातून चिकटपट्टी आणून गळ्याभोवती गुंडाळली आणि हळूहळू आगरदांड्याला पोचलो.

आगरदांडा ते दिघी

इथून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि खाडी ओलांडून दिघीला उतरायचं. बोटीचं इंजिन सुरू झालं की सगळी गाडी थरथरते. त्या थरथरीत चिकटपट्टी टिकणार नाही म्हणून मी बरणी घेऊन बाहेर आलो आणि कठड्याशी बाकावर बसलो. एका हाताने बूड, दुसऱ्याने गळा. पाण्यात दूर जंजिऱ्याची भिंत काळपट दिसत होती. लोक तिचे फोटो काढत होते आणि मधूनच माझेही.

शेजारी एक कोळीण बसली होती. सुक्या सोड्यांची पाटी पायाशी, डोक्यात अबोलीचा गजरा. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"सोन्याची हाय काय?"

"नाही. पितळ आहे."

"मंग देवाची हाय?"

"लोणच्याची आहे."

ती खदखदून हसली. पलीकडच्या आपल्या सोबतिणीला ओरडून म्हणाली, "गो, लोनच्याच्या बरनीला दागिनं घातल्यान बघ!" मग माझ्याकडे वळली. "फोडली कोनी?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. काल हिराबाईंना दिलं होतं तेच. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. हिराबाईंचं ते थांबलेलं बोट आठवलं. मी बरणी आणखी उराशी धरली.

"तुमीच फोडली," ती म्हणाली.

"कशावरून?"

"बाईमानसानं फोडलेली बरनी बाप्या असा उराशी धरून न्हेत न्हाय. मोकळा हात हलवत जातो आन् गावभर सांगतो, हिनं फोडली, हिनं फोडली."

मला तिचा भयंकर राग आला. ओळख ना पाळख, आणि हे बोलणं! मी उठून दुसऱ्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो. ती मागून म्हणाली, "रागावू नका, वो दादा. जपून धरा, वारा हाय." बोट दिघीला लागेपर्यंत मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत होतो. एकही धड नव्हतं.

दिवेआगर

आक्काच्या घरावर आता पत्रे आहेत. वाडीत अजून वादळातल्या पोफळींचे बुंधे दिसतात, आणि त्यांच्यामधून गुडघाभर उंचीची नवी रोपं, प्रत्येकाला झावळीची सावली करून दिलेली. आक्का रोपांना पाणी घालत होती. पासष्टीची झाली, पण अजून कंबर ताठ. मला बघून म्हणाली, "शर्टाला काय फासून घेतलंस? आधी हातपाय धू. कांदे आणलेस ते बरं केलंस."

मी बरणी पडवीत ठेवली, चिकटपट्टी काढली, आणि लगेच बोलायला लागलो. जपान, लाख, सोनं, फुटण्यातलं सौंदर्य. किहीमच्या पडवीत ज्या बोलण्याने माझं पित्त खवळलं होतं, तेच बोलणं मी आक्कासमोर शब्दाशब्दाने म्हणत होतो. माझ्या लक्षात आलं तरी थांबता येईना.

आक्काने सगळं ऐकून घेतलं. बरणीभोवती एक फेरी मारली. तांब्याभर पाणी आणून आत ओतलं. दोन भेगांमधून पाणी पाझरून जमिनीवर ओघळलं.

"म्हणजे लोणचं नाही," ती म्हणाली.

"नाही. शोभेला ठेव. बाहेरच्या खोलीत."

"बाहेरच्या खोलीत?" ती पायरीवर बसली. "दिनू, इतकं सोनं लावलेली बरणी बघून आलागेला प्रत्येकजण विचारणार, कोणी फोडली. मग मी दर वेळी सांगू का, माझ्या भावाकडच्या संगीताने म्हणून? त्या पोरीचं नाव मी पाहिलेल्या-न पाहिलेल्या सगळ्यांपुढे घेऊ? तिच्या हातून एकदा चूक झाली, ती तू सोन्याने गिरवून आणलीस? साधी चिकटवून आणली असतीस तर मागच्या फळीवर गपचूप राहिली असती."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सोनं लावलं ते भेग दिसू नये म्हणून, आणि सोनं तर भेग दाखवायलाच असतं.

"संगीताने नाही फोडली," मी म्हणालो. "मी फोडली."

मग उरलेलंही सांगितलं. तो फोन, कपाटाचं दार, वैशालीला सांगितलेलं, खुद्द आक्काला सांगितलेलं. आक्का पाणी जमिनीत जिरताना बघत होती. संगीताला मी काय म्हणालो ते सांगितलं तेव्हा तिने मान वर केली.

"तू तिला माफ केलंस?"

"हो."

"तू?" ती उभी राहिली. लहानपणी मला मारायला उठायची तशी. "फुटली त्याचं मला काही नाही. आईची होती, गेली. भिंत पडूनही राहिली होती हेच आश्चर्य होतं. खोटं बोललास, तेही समजू शकते, तू लहानपणापासून भित्रा. पण वर तिला माफ केलंस? तिने काय म्हणायचं मग? उपकार झाले म्हणायचं?"

मी काढलेल्या चिकटपट्टीचा बोळा करत होतो.

"आणि पोफळी कोणासाठी लावते विचारत होतास ना? माझ्यासाठी लावते. मी आहे अजून." एवढं बोलून तिने हात पुढे केला. "लाव फोन."

"कोणाला?"

"भटजींना! मुहूर्त बघायला! संगीताला लाव, माझ्यासमोर."

रविवारची संध्याकाळ होती. संगीताच्या घरी मागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. "बोला दादा," ती म्हणाली. "वहिनी बऱ्या आहेत ना?"

मी सांगितलं. चार शब्दांचं वाक्य मी चाळीस शब्दांत सांगितलं. कुकरची एक शिट्टी झाली.

"मला माहितीय," ती म्हणाली.

"माहितीय? कसं?"

"तुकडे सकाळी मीच गोळा केले ना दादा. कपाटाच्या दाराची कडी उखडलेली होती. मी आदल्या दिवशी गेले तेव्हा चांगली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. मी हात लावला नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, जाऊ दे, मी रागावलो नाही. त्याच्यापुढे काय बोलायचं?" मग म्हणाली, "काचेच्या कपाटाला कुलूप आहे, बघितलंत का?"

"कुठल्या कपाटाला?"

"पाहुण्यांचे कप ठेवतात त्या. वहिनींनी लावलंय तेव्हापासून. मला कप लागले की मागून घ्यायचे."

सात महिने त्या कपाटासमोर उभं राहून मी रोज चहा पितो. कुलूप मी पाहिलं नव्हतं.

"मी वैशालीला सांगतो," मी म्हणालो.

"उद्या सांगा. मी आल्यावर. माझ्यासमोर." आणि फोन ठेवला.

आक्काने बरणी उचलली आणि बाहेरच्या खोलीत, दारातून शिरताच दिसेल अशा कोनाड्यात नेऊन ठेवली. "आता राहू दे इथेच," म्हणाली. "कोणी विचारलं तर सांगीन, भावाने फोडली. चल, फणसाची भाजी निवतेय." जेवताना तिने आग्रह करकरून वाढलं, आणि बोलली मात्र फक्त रोपांबद्दल. मी प्रत्येक रोपाची चौकशी केली.

रात्रीच परत निघालो, आणि सोमवारी सकाळी डोंबिवलीच्या आमच्या स्वयंपाकघरात, संगीता ओट्याशी उभी असताना, मी वैशालीला सांगितलं. या वेळी चार शब्दांतच. वैशालीच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी इथे लिहू शकत नाही. ती आत गेली, कपाटाची चावी घेऊन आली आणि संगीतापुढे धरली.

"संगीता, चुकलंच माझं. ही आता तुझ्याकडे ठेव."

संगीताने ओले हात पदराला पुसले. चावीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको, वहिनी," ती म्हणाली. "तुमच्याकडेच असू दे. कुलूप असलेलं मला बरं पडतं."